वाणिज्य शाखेची मुलगी, विधी प्रवेशपरीक्षेचा क्लास आणि वेगळे पैसे मोजून घेतलेले समुपदेशन : एका पालकाचा अभिप्राय

माझ्या मुलीने अकरावी वाणिज्य शाखेतून उत्तीर्ण केल्यानंतर जून २०२४ मध्ये आम्ही तिला कोल्हापुरातील विधी प्रवेशपरीक्षेच्या एका क्लासमध्ये घातले. वर्षभराचे शुल्क ६२,००० रुपये होते आणि त्यात शिकवणी, छापील साहित्य आणि मोबाइलवरील सराव परीक्षा अशा तीन गोष्टी धरलेल्या होत्या. विद्यापीठ व महाविद्यालय निवडण्यासाठीचे ‘समुपदेशन’ हा स्वतंत्र विषय होता आणि त्याचे ९,००० रुपये आम्ही पुढे एप्रिलमध्ये भरले. क्लासचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण शहरातील आणखी दोन ठिकाणी मी चौकशी केली तेव्हा शुल्कापासून बोलण्याच्या ढबीपर्यंत सगळा साचा एकच आढळला, आणि माझा अभिप्राय एका दुकानापेक्षा या साच्याविषयी अधिक आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. मी बी.कॉम. आणि जी.डी.सी. अँड ए. (सहकार व लेखापरीक्षणाची शासकीय पदविका) आहे, आणि पतसंस्था, विकास सोसायट्या व दूध संस्थांचे लेखापरीक्षण हा माझा व्यवसाय आहे. घराच्या पुढच्या खोलीतच कार्यालय असल्यामुळे न वटलेला धनादेश, कलम १३८ ची नोटीस, त्यानंतरचे पंधरा दिवस, सहकार कायद्याच्या कलम १०१ खालचा वसुली दाखला हे शब्द मुलीच्या कानांवर लहानपणापासून पडत आले. ‘चिटणिसाची कार्यपद्धती’ या विषयात भाग, कर्जरोखे आणि लाभांश शिकताना, खातेवहीतील प्रत्येक नोंदीच्या मागे कुठलातरी कायदा उभा असतो, हे तिच्या लक्षात आले आणि तिने वकिलीचा विचार बोलून दाखवला. वकिली करायची, पण हिशेबाची वाट सोडायची नाही, अशी तिची इच्छा होती. क्लासमध्ये पहिल्या दिवशी भरून घेतलेल्या अर्जात तिने हेच लिहिले होते. तो अर्ज नंतर कोणी उघडून पाहिला असेल असे मला वाटत नाही.

शिकवणीचा भाग चांगला होता, हे प्रथम नमूद करतो. विधी तर्कशक्ती हा विषय जिल्हा न्यायालयात वकिली करणारे एक तरुण सर शिकवीत आणि त्यांची हातोटी विलक्षण होती. एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. अज्ञान, म्हणजे वयाने सज्ञान नसलेल्या, मुलाने वय चोरून कर्ज घेतले, अशा घटनेवरचा एक परिच्छेद त्यांनी दिला होता. अज्ञान व्यक्तीचा करार मुळातच शून्य ठरतो, हे ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहोरी बीबी खटल्यात सांगितलेले तत्त्व मुलीला माझ्या कार्यालयातील एका वकील स्नेह्यांकडून ठाऊक होते, म्हणून तिने ठामपणे तेच उत्तर लिहिले आणि ते चुकले. परिच्छेदात मुद्दाम वेगळा नियम दिला होता आणि त्या नियमाप्रमाणे मुलाने पैसे परत करणे भाग होते. सर म्हणाले, “परीक्षेच्या हॉलमध्ये समोरचा परिच्छेद हाच कायदा. बाहेरचा कायदा पायातल्या चपलांबरोबर दाराशी ठेवायचा.” २०२० पासून क्लॅटची, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या सामाईक प्रवेशपरीक्षेची, प्रश्नपत्रिका परिच्छेदांवर आधारलेली आहे आणि तिच्या स्वरूपाचे इतके नेमके वर्णन मी अन्यत्र ऐकलेले नाही.

गणिताची वाणिज्य शाखेच्या मुलांना चिंता नसावी. क्लॅटमधील हा भाग दहावीच्या पातळीचा असतो, त्यात शेकडेवारी, गुणोत्तर आणि तक्त्यांचे वाचन असते, आणि भागीदाराच्या प्रवेशाच्या वेळी त्याग प्रमाण काढणाऱ्या मुलाला त्यात अवघड असे फारसे काही नसते. इंग्रजीचे तास ठीकठाक होते. चालू घडामोडींची मासिक पुस्तिका मात्र आम्ही ऑक्टोबरपासून उघडलीच नाही. कोणाची कुठे नियुक्ती झाली आणि कोणाला कोणता पुरस्कार मिळाला, यांच्या याद्यांनी ती भरलेली असे. घटनेमागचे कारण मात्र तिच्यात कुठेच नसे, आणि परिच्छेद वाचून उत्तर देण्याच्या परीक्षेला तेच तर लागते. त्याऐवजी एका इंग्रजी वृत्तपत्राचा अग्रलेख आणि एका मराठी वृत्तपत्राचे अर्थविषयक पान, एवढे रोजचे वाचन तिला पुरले.

छापील साहित्याबाबत एक गंभीर तक्रार आहे. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तरी विधी ज्ञानाच्या जाड पुस्तकात भारतीय दंड संहितेचीच कलमे होती. फसवणूक म्हणजे कलम ४२० हे आपल्या बोलण्यात इतके मुरले आहे की नव्या संहितेतील कलम ३१८ कोणाच्या जिभेवर यायला काही वर्षे लागतील. पण सामान्य माणसाला जी सवलत आहे ती पाठ्यपुस्तकाला नाही. विचारणा केल्यावर चार पानांचे शुद्धिपत्र मिळाले, तेही डिसेंबरमध्ये, म्हणजे क्लॅट होऊन गेल्यानंतर.

सराव परीक्षांची कथा याहून अधिक बोलकी आहे. ज्यांना क्लॅट आणि राज्याची सीईटी या दोन परीक्षांतील फरक माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. क्लॅटमध्ये दोन तासांत १२० प्रश्न असतात आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो. आपल्या राज्याच्या सीईटी कक्षाची पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाची परीक्षाही आता १२० प्रश्नांची आणि दोन तासांचीच आहे, परंतु तिच्यात गुण वजा होत नाहीत. शिवाय तिच्यात परिच्छेदांपेक्षा सरळ माहितीवरचे प्रश्न अधिक असतात, संविधानातील अनुच्छेद आणि कायद्यातील लॅटिन वचने विचारली जातात आणि प्रश्न मराठीतही असतात. थोडक्यात, पहिल्या परीक्षेत काय सोडून द्यायचे ते कळावे लागते आणि दुसरीत काहीही सोडून चालत नाही. क्लासच्या ॲपमध्ये मात्र दोन्ही सरावांना एकच गणित लावलेले होते आणि सीईटीच्या सराव परीक्षेतही चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जात होता. परिणामी मुले सीईटीच्या सरावातही प्रश्न कोरे सोडू लागली. जानेवारीत मुलीने एका परीक्षेत १७ प्रश्न सोडले, तेव्हा मी कारण विचारले आणि हा घोळ उघड झाला. मी लेखी कळवले, दूरध्वनी केला, प्रत्यक्ष जाऊन भेटलो. “सॉफ्टवेअर वरून येते, सर,” हे उत्तर मला तीन वेळा मिळाले. दुरुस्ती मार्चअखेर झाली. ज्या मुलांच्या घरी उत्तरपत्रिका पाहणारे कोणी नव्हते त्यांनी त्या तीन महिन्यांत चुकीची सवय पैसे देऊन शिकून घेतली.

आता समुपदेशनाविषयी लिहितो, कारण मला खरे बोलायचे आहे ते त्यावरच.

चाळीस मिनिटांची एकच बैठक झाली. वातानुकूलित खोली, भिंतीवर महाविद्यालयांचा रंगीत तक्ता आणि समोर नम्रपणे बोलणारे एक गृहस्थ अशी ती व्यवस्था होती. त्यांनी मुलीचे गुण विचारले, आमचे ‘बजेट’ विचारले आणि परराज्यातील एका खासगी विद्यापीठाचे माहितीपत्रक पुढे सरकवले. त्याचे वार्षिक शुल्क, वसतिगृह धरून, माझ्या एका वर्षाच्या निव्वळ उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होते. वाणिज्य आणि कायदा यांचा संगम हा ‘नवा ट्रेंड’ असल्याचेही त्यांनी सांगितले. मुंबईच्या सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात १९१८ पासून राजकीय अर्थशास्त्र शिकवणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर हेच पुढे १९३५ साली मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, हे मला त्या वेळी आठवले, पण मी बोललो नाही.

मी विचारले की पाच वर्षांच्या बीबीए एलएलबी या जोड पदवीत हिशेबशास्त्र किती असते. उत्तर मिळाले, “कॉमर्सच्या मुलांसाठी तोच कोर्स आहे.” हे उत्तर अर्धे खरे आहे आणि सगळी गोम या अर्धेपणातच आहे. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या (बार कौन्सिलच्या) २००८ च्या विधी शिक्षण नियमांनी कायद्याच्या विषयांचा सांगाडा देशभर एकच ठरवून दिला आहे. वीस अनिवार्य विषय, चार प्रात्यक्षिक विषय आणि किमान सहा ऐच्छिक विषय, हे कोणत्याही मान्यताप्राप्त महाविद्यालयात गेले तरी असणारच. शिकवणारे चांगले-वाईट असतील, पण करार कायदा, कंपनी कायदा आणि दिवाणी प्रक्रिया संहिता सगळीकडे आहेत. फरक पडतो तो कायद्याला जोडलेल्या दुसऱ्या पदवीत. बीबीए म्हणजे व्यवस्थापन. त्यात विपणन, मनुष्यबळ आणि संघटनात्मक वर्तन यांना मोठी जागा असते आणि लेखाकर्म त्या मानाने थोडे असते. खतावणीत रमणाऱ्या मुलीला तेथे वाणिज्य नावाची पाटी दिसेल, पण तिला हवा तो माल थोडाच मिळेल. पाच वर्षांचा बी.कॉम. एलएलबी हा तिच्या मनाजोगता अभ्यासक्रम, पण तो फार थोड्या ठिकाणी आहे. गांधीनगरच्या गुजरात राष्ट्रीय विधी विद्यापीठाचे नाव त्यात घेता येते, पण त्याचा दरवाजा क्लॅटच्या वरच्या क्रमांकांनाच उघडतो. हे सगळे मला ९,००० रुपयांत कोणी सांगितले नाही. अभ्यासक्रमांच्या प्रती उतरवून घेऊन आम्ही दोघांनी जेवणाच्या टेबलावर त्या लाल-निळ्या पेनांनी रंगवल्या, तेव्हा ते कळले.

आणखी एक गोष्ट त्या तक्त्यावर नव्हती. १८५५ पासून चालत आलेल्या मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाची आणि १९२४ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या आय.एल.एस. विधी महाविद्यालयाची ख्याती पाच वर्षांच्या ज्या अभ्यासक्रमांवर उभी आहे, त्यांत कायद्याला जोड आहे ती सामाजिक शास्त्रांची. मात्र आधी बी.कॉम. करून मग तीन वर्षांच्या एलएलबीची वेगळी सीईटी दिली, तर याच महाविद्यालयांत वाणिज्य पदवीधर म्हणून जाता येते. पाचऐवजी सहा वर्षे लागतात, एक वर्ष अधिक जाते, परंतु पहिल्या तीन वर्षांत हिशेबाचे शिक्षण पुरेपूर होते आणि सी.ए. किंवा सी.एस. (कंपनी सचिव) यांच्या परीक्षा त्याच्या जोडीने देता येतात. हा पर्याय मी काढला तेव्हा समुपदेशक हसून म्हणाले, “तो मागच्या दाराचा रस्ता आहे, साहेब.” कोल्हापूरच्या शहाजी विधी महाविद्यालयातून पदवीनंतर एलएलबी केलेल्या आणि सहकार न्यायालयात समोरच्याला घाम फोडणाऱ्या किमान चार वकिलांशी माझा रोजचा व्यवहार आहे. ते मागच्या दाराने आले असतील, तर पुढच्या दाराला निराळे काय आहे ते मला समजून घ्यायला आवडले असते.

पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमासोबत सी.एस. करता येईल का, या प्रश्नाला “सगळे करतात” असे उत्तर मिळाले. विधिज्ञ परिषदेच्या त्याच नियमांतील सहावा नियम सरळ वाचला, तर विधी पदवीच्या काळात व्यावसायिक शिक्षण देणाऱ्या संस्थेच्या दुसऱ्या अभ्यासक्रमासही नोंदणी करण्यास मनाई आहे, आणि भाषा व संगणकाचे अल्प मुदतीचे अर्धवेळ अभ्यासक्रम आणि विद्यापीठांच्या दूरशिक्षण केंद्रांचे अभ्यासक्रम तेवढे त्यातून वगळले आहेत. सगळे काय करतात हे मला ठाऊक नाही. पण ज्या मुलीला उद्या सनद घेऊन नियमांवरच युक्तिवाद करायचा आहे, तिला पहिला सल्ला नियमाकडे डोळेझाक करण्याचा मिळू नये.

सर्वांत मोठी चूक शुल्काबाबत झाली आणि तिचा हिशेब मी लेखापरीक्षकाच्या काटेकोरपणाने केला आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या इतर मागास वर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा, आणि अभिमत व खासगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे या सवलतीतून वगळलेली आहेत. आमचे कुटुंब इतर मागास वर्गात मोडते, उत्पन्नही मर्यादेत बसते आणि हे दोन्ही क्लासच्या अर्जावर लिहिलेले होते. तरीही पुढे सरकवले गेले ते माहितीपत्रक ही सवलत जेथे लागूच होत नाही अशा विद्यापीठाचे. त्या गृहस्थांना या विद्यापीठाकडून काही मिळत होते असा आरोप मी करत नाही, कारण माझ्याजवळ व्हाउचर नाही. एवढेच म्हणतो की पतसंस्थेच्या तपासणीत अशी नोंद आढळली असती, तर मी तिच्यापुढे लाल पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केले असते.

पुढचा काळ लवकर सांगतो. १ डिसेंबर २०२४ च्या क्लॅटच्या उत्तरतालिकेचा वाद आधी दिल्ली उच्च न्यायालयात आणि नंतर सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि त्याचा निवाडा व्हायला मे २०२५ उजाडला. या रेंगाळलेल्या महिन्यांत विधी तर्कशक्तीचे तेच सर मुलांना घेऊन बसले आणि वादातले प्रश्न त्यांनी फळ्यावर सोडवून दाखवले. तो तास कोणत्याही वेळापत्रकात नव्हता आणि वर्षभरातला सर्वोत्तम तास तोच होता, असे मुलगी म्हणते. क्लॅटमध्ये तिला मनाजोगते विद्यापीठ मिळण्याइतके गुण नव्हते. सीईटीत ते बरे होते. महाविद्यालयांच्या पसंतीचा ऑप्शन फॉर्म भरताना क्लासचा सल्ला ‘सेफ’ महाविद्यालये वर लिहा असा होता. तो आम्ही मानला नाही, कारण जागावाटप गुणवत्ता आणि पसंतीक्रम यांवर होते, आणि खरोखर हवे असलेले महाविद्यालय खाली लिहिले तर वरच्याच एखाद्या नावावर गाडी थांबते. महाविद्यालये पाहायला आम्ही पुण्याला दोन फेऱ्या केल्या आणि प्रत्येक ठिकाणी ग्रंथालयात जाऊन मूळ कायद्यांच्या प्रती कोणत्या वर्षाच्या आहेत ते पाहिले. एका चकचकीत इमारतीतील कंपनी कायद्याची प्रत केव्हाच कालबाह्य झालेल्या १९५६ च्या कायद्याची होती, तेव्हा मुलीने मला कोपराने ढोसले.

हे सगळे चालू असतानाच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आणि सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग व कोल्हापूर या सहा जिल्ह्यांची प्रकरणे येथे येऊ लागली. अनेक दशके मागणी केलेली गोष्ट मुलीच्या प्रवेशाच्या हंगामात पदरात पडल्यामुळे, मोठी वकिली म्हणजे मुंबई हे आमच्या घरातले समीकरण थोडे हलले. अखेर पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका महाविद्यालयात तिने बीबीए एलएलबीला प्रवेश घेतला. त्यात लेखाकर्म कमी आहे हे माहीत असूनच घेतला. ती उणीव सुट्टीत माझ्या कार्यालयात बसून भरून काढायची, असे ठरले आहे. पाच वर्षांत वीस आठवड्यांची इंटर्नशिप सक्तीची असते. तिच्यातील काही आठवडे कोल्हापुरात काढण्याचा तिचा विचार आहे.

ज्यांना असा क्लास लावायचा आहे त्यांना माझा सल्ला असा की शिकवणी घ्यावी, विशेषतः विधी तर्कशक्तीची, आणि ती कोण शिकवते ते एक तास मागे बसून पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत. सराव परीक्षांचे नियम पहिल्याच आठवड्यात परीक्षेच्या अधिकृत माहितीपुस्तिकेशी ताडून पाहावेत. समुपदेशनाचे वेगळे पैसे देऊ नयेत. शिकवणीला पाचापैकी चार, साहित्याला दोन, सराव परीक्षांना दुरुस्तीनंतर तीन आणि समुपदेशनाला शून्य, असे माझे गुण आहेत.

सप्टेंबरअखेर क्लासने चौकात फ्लेक्स लावला. त्यावर बारा मुलांची छायाचित्रे होती, आमच्या मुलीचेही होते आणि खाली लिहिले होते, ‘राष्ट्रीय विधी विद्यापीठात निवड’. तिने पुण्याहून दूरध्वनी करून आपल्या नावाखालचा मजकूर काढायला सांगितले. फ्लेक्स वरून छापून येतो, असे उत्तर मिळाले. दिवाळीला ती घरी आली, तेव्हा आम्ही मुद्दाम त्या चौकातून गाडी घेतली. ‘राष्ट्रीय’ या शब्दावर पांढरी चिकटपट्टी लावलेली होती आणि पावसाने तिचे एक टोक सुटले होते.